नावानं कोणाचं काय जातं?

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यातल्या शेकडो गावांमध्ये दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरं पेटवली गेली, धान्याची नासाडी झाली, लोकांना गाव सोडून पळावं लागलं. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ठराव कागदावरच राहिला. त्याची अंमलबजावणी व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, आणि तीही ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ अशा विस्तारित नावानं.

त्या ठरावानं कोणाच्या सातबाऱ्यावर रेघ मारली नव्हती. कोणाची नोकरी जाणार नव्हती, कोणाच्या मुलाची जागा कमी होणार नव्हती, फी वाढणार नव्हती. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, तेव्हा या भागात उच्च शिक्षणाची सोय नावालाच होती. विद्यापीठ आलं १९५८ मध्ये. त्यांचं नाव तिथे असावं, ही मागणी साधी आणि न्याय्य होती. मग दूरच्या खेड्यात, विद्यापीठाची पायरीही न पाहिलेल्या माणसानं हातात काकडा का घेतला?

या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे कायम समोरासमोर उभी असतात. एक म्हणतं, हा मनाचा खेळ आहे. मन समजून घ्या. दुसरं म्हणतं, मनाचं काय घेऊन बसलात, सत्ता आणि हितसंबंध पाहा. ही दोन उत्तरं मी दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. सामाजिक मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई, आणि त्यांचाच एके काळचा विद्यार्थी सिद्धार्थ, जो आता वकील आहे आणि अॅट्रॉसिटीचे खटले लढवतो. माणसं कल्पित आहेत, वाद कल्पित नाही. मी स्वतः त्यात तटस्थ नाही, ते ठिकठिकाणी दिसेलच.

बाई : तुझी जुनी तक्रार आहे की मानसशास्त्र प्रयोगशाळेच्या बाहेर येत नाही. म्हणून मी आधी प्रयोगशाळेतल्या माणसाबद्दल सांगते. हेन्री ताजफेल. पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या हाती लागला, युद्धकैदी म्हणून छावण्यांमध्ये राहिला. आपण ज्यू आहोत हे त्यानं मान्य केलं, पण पोलिश असल्याचं लपवलं. फ्रान्सचा म्हणून तो वाचला. पोलंडचा म्हणून कळलं असतं तर संपला असता. सुटून आला तेव्हा घरचं जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. आपण माणूस म्हणून कसे आहोत, यावर आपलं जगणं-मरणं ठरलं नाही, कोणत्या रकान्यात नाव पडलं त्यावर ठरलं, हे त्यानं अंगावर झेललं होतं.

सिद्धार्थ : रकान्याचं आम्हाला वेगळं सांगायला नको, बाई. शाळेच्या दाखल्यावर तो असतोच.

बाई : म्हणूनच ऐक. पुढे तो ब्रिस्टलला प्राध्यापक झाला. १९७० मध्ये त्यानं आपले प्रयोग मांडले. शाळेतली चौदा-पंधरा वर्षांची मुलं घेतली. पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवायचे, किती ते अंदाजानं सांगायचं. मग प्रत्येकाला सांगायचं, तू जास्त सांगणाऱ्यांच्या गटातला, तू कमी सांगणाऱ्यांच्या. दुसऱ्या खेपेला क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवून, कोणाला कोण आवडतो त्यावरून गट. खरं म्हणजे वाटणी कशीही केलेली होती. त्यानंतर प्रत्येकानं एकट्यानं बसून दुसऱ्या दोघांना गुण वाटायचे, त्या गुणांचे पैसे मिळणार. ते दोघं कोण हे माहीत नाही, फक्त गट माहीत. स्वतःला काहीच मिळणार नाही.

सिद्धार्थ : आणि मुलांनी आपल्या गटाला जास्त दिलं. हे तुम्ही वर्गात शिकवलं होतं.

बाई : ते अर्धंच. दुसरं अर्ध लक्षात ठेव. एका तक्त्यात एका टोकाला होतं, आपल्याला १९ आणि त्यांना २५. दुसऱ्या टोकाला, आपल्याला ७ आणि त्यांना १. शहाण्यानं १९ घ्यावेत. मुलांचा कल मात्र ७ आणि १ कडे गेला. आपलं १२ गुणांचं नुकसान चालेल, पण मधलं अंतर हवं. आता ठरावाकडे बघ. ठरावानं कोणाचे १९ काढून घेतले नाहीत. पण ज्या माणसाला आपल्यातलं आणि वस्तीतलं अंतर हीच मिळकत वाटत होती, त्याची ती मिळकत गेली. नावानं कोणाचं काय जातं, असं आपण विचारतो. अंतर जातं.

सिद्धार्थ : ऐकायला चोख वाटतं. पण ब्रिस्टलच्या त्या पोरांनी कोणाचं घर जाळलं नाही, बाई. गुणांच्या तक्त्यावर खूण करणं आणि रॉकेलचा डबा उचलणं यात फार अंतर आहे. ते अंतर कोण चालून जातं, कोण चालवतं, हे ताजफेल सांगत नाही. आणि त्याचे गट तासाभरापूर्वी जन्मलेले. आमच्या गावातले गट शेकडो वर्षांचे. कोण कोणाच्या दारात उभं राहील, कोणी मेलेलं जनावर ओढायचं, कोणी सांगावा घेऊन जायचं, सगळं ठरलेलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या वस्तीत बहुतेक घरं कुडाची. दोन-तीन घरांवर नवे पत्रे पडले होते. आधी ती घरं धरली. सगळ्यात आधी मास्तरांचं. मास्तरांकडे एक टेबल होतं, सागवानी, ड्रॉवरचं. त्यावर ते वह्या तपासायचे. घराला आग लावली होती, टेबल आत जळालंच असतं. पण ते चौघांनी ओढून बाहेर आणलं आणि अंगणात कुऱ्हाडीनं फोडलं. ड्रॉवर वेगळा काढून फोडला. आम्ही पोरं आईच्या मागे उसाच्या फडातून बघत होतो. कणगीतली ज्वारी मातीत सांडून तिच्यावर रॉकेल ओतलं, म्हणजे वेचूनसुद्धा खाता येऊ नये.

बाई : टेबल नेलं नाही?

सिद्धार्थ : नेलं असतं तर चोरी म्हटलं असतं. आणि दुसरी गोष्ट. गावात मातंगांची घरंही होती. त्यांच्या वाटेला कोणी गेलं नाही. आमच्याच गावात नाही, अत्याचार विरोधी समितीनं १९७९ साली जो अहवाल दिला त्यातही हेच दिसतं, मारा मुख्यतः बौद्धांवर होता. अस्पृश्याबद्दलचा द्वेष हेच कारण असतं तर सगळ्याच अस्पृश्यांवर तुटून पडले असते. पडले ते कोणावर? ज्यांनी १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची कामं नाकारली, पोरं शिकवली, ताठ चालायला लागले, त्यांच्यावर. हा हिशेब आहे, बाई. मनाचा झटका नाही.

इथे मला थांबावंसं वाटतं. दंगलीच्या बातम्या आपण वाचतो तेव्हा ‘जमाव बेभान झाला’ असं वाक्य हमखास येतं. सिद्धार्थनं सांगितलेल्या अंगणात कोणी बेभान नव्हतं. कोणतं घर, कोणती वस्तू, कोणती जात, सगळं निवडलेलं होतं. आणि तरीही त्या निवडीत कोणाच्या पदरात एक दाणा पडला नाही. बाईंना टेबलाबद्दल विचारावंसं वाटलं ते त्यामुळेच.

बाई : तू हिशेब म्हणतोस, पण हा पैशांचा हिशेब नाही. चौघांनी घाम गाळून टेबल बाहेर ओढलं आणि फोडलं. त्यात ७ आणि १ आहे. हर्बर्ट ब्लूमरनं १९५८ मध्ये एक छोटा लेख लिहिला. तो म्हणाला, पूर्वग्रह म्हणजे एकेका माणसाच्या मनातली घृणा असं समजू नका. आपल्या गटाची जागा कुठे आहे, या जाणिवेतून तो येतो. त्यात चार गोष्टी असतात. आपण श्रेष्ठ ही भावना, ते मुळातच वेगळे ही भावना, काही मान आणि काही वस्तू आपल्याच हक्काच्या ही भावना, आणि चौथी म्हणजे खालचे लोक त्यावर डोळा ठेवून आहेत ही भीती. पहिल्या तीन असून गाव शांत राहू शकतं. चौथी जागी झाली की आग लागते. म्हणून मातंगांची घरं वाचली. त्यांच्याबद्दल प्रेम होतं म्हणून नाही, त्यांच्याबद्दलची चौथी भावना तेव्हा जागी झाली नव्हती म्हणून.

सिद्धार्थ : ब्लूमर समाजशास्त्रज्ञ होता. तो आमच्या बाजूला जमा करा.

बाई : करते. पण भीती हा शब्द त्याला टाळता आला नाही, आणि भीती मनातच राहते.

सिद्धार्थ : मग तुमच्या शास्त्रातली बाकीची उत्तरं सोडून देता का? माणूस वैतागला की दुबळ्यावर राग काढतो, हे तुम्हीच शिकवलं होतं. अमेरिकेत कापसाचा भाव पडला की काळ्या लोकांना झुंडीनं ठार मारण्याचे प्रकार वाढत, असा अभ्यास होता.

बाई : हॉवलंड आणि सिअर्स, १९४०. दक्षिणेतल्या राज्यांचे पन्नासेक वर्षांचे आकडे. पुढे त्या आकडेमोडीवर पुष्कळ आक्षेप आले.

सिद्धार्थ : आक्षेप बाजूला राहू द्या, १९७२ घ्या. आमच्या भागात त्याच्याइतका वैताग कधी आला होता? विहिरी आटल्या, जनावरं सोडून दिली, अख्खी गावं खडी फोडायला रोजगार हमीवर. सुकडी आणि मायलो खाऊन दिवस काढले. जात तेव्हाही होती, अत्याचारही होते, त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती उगीच नाही. पण अख्ख्या मराठवाड्यात एकाच आठवड्यात वस्त्या पेटल्या असं झालं नाही. उपाशी माणसानं जे केलं नाही ते सहा वर्षांनी झालं. वैतागाचं उत्तर इथे चालत नाही.

बाई : चालत नाही, मान्य. आणि अडोर्नोचं १९५० चं पुस्तकही मी इथे आणणार नाही, काही माणसांची घडणच हुकूमशाही वृत्तीची असते म्हणणारं. शेकडो गावांत एकाच वेळी एकाच घडणीची माणसं निघाली, यावर माझाही विश्वास नाही.

हे दोन सिद्धांत बाईंनी इतक्या झटकन सोडले याचं मला बरं वाटलं. आपल्याकडे वर्तमानपत्री चर्चेत हेच दोन सगळ्यात जास्त चालतात, बेरोजगार तरुणांचा वैताग आणि काही माथेफिरू. दोन्हींचा फायदा एकच, बाकीच्या गावाला काही विचारावं लागत नाही.

सिद्धार्थ : मग आता माझ्या अंतराकडे या. डबा कोणी उचलायला लावला?

बाई : त्यासाठी मुझफ्फर शेरीफकडे जावं लागेल. तुर्कस्तानातून अमेरिकेत गेलेला. १९५४ मध्ये ओक्लाहोमात रॉबर्स केव्ह नावाच्या ठिकाणी त्यानं अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचं शिबिर घेतलं. दोन गट, ईगल्स आणि रॅटलर्स. बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत झेंडे जाळले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या. मग शिबिराचं पाणी बंद पाडलं, सगळ्यांनी मिळून शोधल्याशिवाय सुरू होणार नाही असं. असं दोन-तीनदा झालं आणि वैर निवळलं. सगळ्या पाठ्यपुस्तकांत हे आहे.

सिद्धार्थ : पाठ्यपुस्तकात काय नाही ते सांगा.

बाई : त्याच्या आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, त्यानं न्यूयॉर्क राज्यात असंच एक शिबिर घेतलं होतं. ते फसलं. तिथे मुलांना आधी एकत्र राहू दिलं, त्यांची मैत्री झाली, मग गट पाडले. भांडणं लागावीत म्हणून शिबिरातल्या मोठ्या माणसांनीच खोड्या केल्या. मुलांना संशय आला की हे मोठेच करताहेत, आणि ती भांडेनात. जीना पेरी या लेखिकेनं २०१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

सिद्धार्थ : हेच तर मी कधीपासून सांगतोय! गट पाडले म्हणून भांडण होत नाही. कोणीतरी ते लावावं लागतं, आणि लावणारा दिसता कामा नये. ७८ मध्ये आधी शहरांत बंद आणि मोर्चे, मग तालुक्याच्या गावी, मग खेड्यात. विद्यापीठ कुठे आहे हे माहीत नसलेल्या माणसाला आठवडाभरात ‘आपल्या मराठवाड्याची अस्मिता’ कोणी शिकवली? ज्यांना पुढारीपण टिकवायचं होतं त्यांनी. त्यांच्या अंगाला रॉकेलचा वास आला नाही, एवढंच.

बाई : लावणारे होते. पण मला सांग, तेच पुढारी त्याच माणसाला इतर शंभर गोष्टींवर उठवायला बघतात, तो उठत नाही. वीज, रस्ता, कापसाचा भाव, यावर मोर्चाला ट्रक भरता भरत नाही. या एका गोष्टीवर रात्रीत उठला. काडी लावणारा तू दाखवलास. गंजी वाळलेली का होती, ते माझं काम आहे.

सिद्धार्थ : आणि गंजी रचली कोणी? बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये भाषण लिहिलं. ते त्यांना करू दिलं नाही, मग त्यांनी छापलं. त्यात ते म्हणतात की जात ही भिंतीसारखी विटामातीची वस्तू नाही, ती मनाची अवस्था आहे. तुम्हाला आवडेल असं. पण पुढे काय म्हणतात? हिंदू माणूस जात पाळतो तो दुष्ट म्हणून नाही, धर्माचं ऐकतो म्हणून. तेव्हा माणसाला दोष देत बसू नका, ज्या शास्त्रांनी त्याला हे शिकवलं त्यांचा अधिकार मोडा. मन आहे, पण मनाला वळण लावणारी संस्था मनाबाहेर आहे.

बाई : यात मला एका शब्दाचीही भर घालायची नाही. उलट ताजफेलपेक्षा बाबासाहेब पुढे गेलेत असं मी वर्गात सांगायचे. ताजफेलकडे दोनच गट, आपण आणि ते. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता दाखवली. प्रत्येकाच्या वर कोणी आहे आणि प्रत्येकाच्या खालीही कोणी आहे. त्यामुळे वरच्याविरुद्ध उठण्यापेक्षा खालच्यापासूनचं अंतर राखणं प्रत्येकाला सोपं जातं. ज्यांनी काकडे घेतले ते सगळे जमीनदार नव्हते, सिद्धार्थ. त्यांच्यात तुझ्याइतकेच गरीब होते. त्यांच्याकडे अंतराखेरीज दुसरं काही नव्हतं.

सिद्धार्थ : इथेच मला तुमच्या शास्त्राची भीती वाटते. ‘त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.’ कोर्टात आरोपीचा वकील हेच बोलतो. सगळ्यांचंच मन असं असतं म्हटलं की कोणीच गुन्हेगार उरत नाही. जाळणारा आणि जळणारा, दोन समाजगट, दोघांचे पूर्वग्रह, दोघांत तेढ. ‘दोन गटांत तणाव’ असं पोलिसांच्या नोंदीत लिहिलेलं मी किती वेळा वाचलंय. एकीकडे हत्यार, एकीकडे उसाचा फड, आणि नोंद तणावाची.

सिद्धार्थचा हा मुद्दा मला या सगळ्या चर्चेतला सगळ्यात वजनदार वाटतो. ‘सामाजिक गटांमधील संघर्ष’ हा शब्दप्रयोगच दोन पारडी समान धरून चालतो. मराठवाड्यात पारडी समान नव्हती. बाईंनी यावर जे उत्तर दिलं ते मानसशास्त्राच्या बचावाचं नव्हतं, म्हणून मी ते सविस्तर देतो.

बाई : कारण सांगणं म्हणजे माफ करणं नव्हे. तरी तुझी भीती खरी आहे, आणि आमच्या विषयात ते घडलंय. गॉर्डन ऑलपोर्टचं उदाहरण घे. १९५४ मध्ये त्यानं ‘पूर्वग्रहाचं स्वरूप’ या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला एक विचार जगभर गेला, वेगळ्या गटांतली माणसं एकमेकांच्या सहवासात आली की पूर्वग्रह कमी होतो. मग सगळीकडे मेळावे, सहभोजनं, शिबिरं.

सिद्धार्थ : आमचा सहवास हजार वर्षांचा. रोज सकाळी त्यांच्या शेतात, संध्याकाळी त्यांच्या ओट्याखाली. एकाच नदीचं पाणी, त्यांचं वरच्या अंगाला, आमचं खालच्या.

बाई : ऑलपोर्टनं चार अटी घातल्या होत्या, त्या लोक विसरले. भेटताना दर्जा समान हवा. उद्दिष्ट एक हवं. ते सहकार्यानं गाठायचं हवं. आणि कायदा, अधिकारी, रूढी यांचा त्या भेटीला पाठिंबा हवा. आता या चार अटी वाच आणि सांग, यात मानसशास्त्र कुठे आहे? पहिली आणि चौथी तर सरळ राजकारण आहे. समान दर्जा सहवासानं येत नाही, तो आधी मिळवावा लागतो, मग सहवासाचा उपयोग. महाडला १९२७ मध्ये लोक तळ्यावर गेले ते ओळख वाढवायला नाही गेले. हक्क बजावायला गेले. तो क्रम बरोबर होता.

सिद्धार्थ : हे तुम्ही आम्हाला वर्गात असं सांगितलं नव्हतं.

बाई : तेव्हा परीक्षेला चार अटी लिहा एवढंच होतं. अलीकडचा एक अभ्यास आहे, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण भागात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवले. काहींना मिश्र संघात घातलं, काही फक्त विरुद्ध संघ म्हणून भेटले. एकाच संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातीतली मैत्री वाढली. विरुद्ध खेळलेल्यांची कमी झाली. सहवास दोन्हीकडे होता.

सिद्धार्थ : मैत्री वाढली हे चांगलंच. पण मिश्र संघ पाडायला बाहेरून माणूस आला, नियम त्यानं केला. गावावर सोडलं असतं तर संघ जातीचेच झाले असते. म्हणून मी म्हणतो, आधी नियम. १९७८ मध्ये सरकारनं ठराव केला आणि वस्त्या पेटल्यावर अंमलबजावणी थांबवली. त्याचा निरोप काय गेला? जाळलं की ठराव थांबतो. तो निरोप सोळा वर्षं गावागावांत राहिला. त्यासाठी लाँग मार्च निघाले, लोक तुरुंगात गेले, १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. मग ९४ मध्ये सरकार ठाम राहिलं, बंदोबस्त लावला, नाव दिलं. तणाव होता, काही ठिकाणी हिंसाही झाली. पण ७८ सारखं रान पेटलं नाही. त्या सोळा वर्षांत काय लोकांची मनं बदलली होती?

बाई : फारशी नसावीत. पण मनं न बदलता वागणं बदलतं, याला पुरावा माझ्याकडे आहे, रवांडामधला. तिथे १९९४ मध्ये भीषण नरसंहार झाला, रेडिओनं लोकांना भडकवलं होतं. पुढे तिथेच सलोख्याची एक रेडिओ मालिका सुरू झाली. बेट्सी लेव्ही पालक हिनं वर्षभर काही गटांना ती ऐकवली, काहींना आरोग्यावरची दुसरी मालिका ऐकवली. २००९ मध्ये तिनं निष्कर्ष मांडले. ऐकणाऱ्यांची मतं फार बदलली नव्हती. बदललं होतं ते ‘आपल्या इथे काय चालतं, काय चालत नाही’ याबद्दलचं त्यांचं आकलन, आणि त्याबरोबर त्यांचं वागणंही. मत नंतर आलं तर येतं. आधी माणूस आजूबाजूला बघतो, काय खपवून घेतलं जाईल याचा अंदाज घेतो. तुझ्या ७८ आणि ९४ मधला फरक तिथे आहे.

सिद्धार्थ : म्हणजे मी कायदा म्हणतो त्याला तुम्ही अंदाज म्हणता.

बाई : कायदा आहे, म्हणून अंदाज बदलतो असं नाही. कायदा लागू होतो हे दिसलं, तर बदलतो. आणि जिथे कोणी बघत नाही तिथे काय? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी, काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुसलमान. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन-तृतीयांश, मुसलमान नावाला एक-तृतीयांश. त्या कचेऱ्यांत कोणी काकडा घेतला नव्हता. पाकीट उघडलं, आडनाव वाचलं, बाजूला ठेवलं. या माणसावर तू कोणतं कलम लावशील? तो शपथेवर सांगेल की मी जात मानत नाही, आणि ते त्याला खरं वाटत असेल.

सिद्धार्थ काही वेळ बोलला नाही. पुण्या-मुंबईत ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न कशासाठी विचारतात हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कायद्याची पकड पोचत नाही अशी ही जागा आहे, आणि तिथे बाईंच्या शास्त्राखेरीज दुसरं साधन मला तरी दिसत नाही.

सिद्धार्थ : तिथे तुमचं खरं. पाकिटाचा खटला उभा राहत नाही. पण माझ्यासमोर जे उभे राहतात त्यांचंही एक सांगा. बाई, माझे खटले कायद्यात हरत नाहीत, साक्षीत हरतात. घटनेच्या दिवशी दहा जण बघतात, चार जण जबाब देतात, तारीख येईपर्यंत एक उरतो, आणि तोही पिंजऱ्यात येऊन म्हणतो, मी तेव्हा शेतात होतो. आपल्याच समाजाचा असतो कधी कधी. पैसे घेतले असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याच्या बांधाला आरोपींचा बांध लागून आहे, किराणा त्यांच्या दुकानात, दळण त्यांच्या गिरणीत.

बाई : सोलोमन अॅश, १९५१. एका माणसाला सात-आठ जणांच्या मध्ये बसवलं. रेघांच्या लांबीचा साधा प्रश्न. बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर देणारे. डोळ्यांना दिसत असूनही सरासरी तीनपैकी एका वेळी माणसानं त्यांच्या बाजूनं उत्तर दिलं. तिथे ना बांध होता ना गिरणी. नुसतं एकटं पडणं होतं.

सिद्धार्थ : मग माझा साक्षीदार कसा टिकायचा?

बाई : त्याचंही उत्तर अॅशनंच शोधलं. त्या घोळक्यात आणखी एकच माणूस खरं उत्तर देणारा बसवला, तर बहुमताचा जोर पार उतरला, चुकीच्या होकारांचं प्रमाण आधीच्या चौथाईच्या आसपास आलं. बहुमत मोडावं लागलं नाही. सोबतीला एक जण पुरला.

सिद्धार्थ : २०१५ च्या दुरुस्तीनं अॅट्रॉसिटी कायद्यात १५-अ कलम आलं. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडली तर दुसरीकडे राहण्याची सोय. आम्ही प्रत्येक साक्षीदारासाठी वेगळा अर्ज करतो, वेगळ्या तारखांना बोलावतो. तो एकटा येतो, एकटा जातो.

बाई : एकत्र का नाही आणत?

सिद्धार्थ : साक्ष वेगवेगळीच होते. एकाची चालू असताना दुसऱ्याला कोर्टात बसता येत नाही.

बाई : साक्षीच्या वेळी नको. येताना-जाताना, त्या मधल्या महिन्यांत. संरक्षणाचा अर्ज एकत्र कर, राहायची सोय एकाच ठिकाणी माग, एसटीनं येतील तर बरोबर येऊ देत.

सिद्धार्थ : समोरचा वकील म्हणेल, साक्षी पढवल्या.

बाई : म्हणेल. त्याला उत्तर तू द्यायचंस, ते तुझं काम. पण माणूस पिंजऱ्यापर्यंत पोचला तरच ते उत्तर द्यायची वेळ येईल ना?

सिद्धार्थ : एका खटल्यात तीन साक्षीदार उरलेत. पुढच्या महिन्यात तारीख आहे. अर्ज एकत्र करून बघतो. तुम्ही त्याला जोडायला दोन पानं लिहून द्याल? एकटं पडलेल्या माणसाचं काय होतं ते, अॅशच्या आकड्यांसकट. न्यायाधीश वाचतील की नाही, सांगता येत नाही.

बाई : मराठीत लिहू की इंग्रजीत?

सिद्धार्थ : मराठीत. साक्षीदारांनाही वाचून दाखवायचंय.